असिंक डेटाग्राम पाठवताना आधी बफर सांभाळ
भावा, यूडीपीवरून (पोच न मागता सुटे मेसेज, म्हणजे डेटाग्राम, पाठवायची पद्धत) मेसेज पाठवायचा तुझा सी++ कोड बघितलो, जवळ आलायस. घोळ बफरचा, म्हणजे पाठवायचा डेटा जिथं ठेवलास त्या मेमरीचा आहे. मेसेजची स्ट्रिंग फंक्शनमध्ये लोकल ठेवलास, बूस्ट एशियो या नेटवर्किंग लायब्ररीचं असिंक सेंड काम पुरं व्हायची वाट न बघता लगेच परत येतं, फंक्शन संपलं की स्ट्रिंग जाते आणि पाठवायचं अजून बाकी असू शकतं, म्हणून तिकडं कधी बरोबर कधी कचरा पोचतोय. स्ट्रिंगचा शेअर्ड पॉइंटर करून हँडलरच्या (पाठवून झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) लॅम्डात कॅप्चर कर, म्हणजे तोवर स्ट्रिंग टिकते.

आयओ कॉन्टेक्स्टचं (एशियोची कामं चालवणाऱ्या ऑब्जेक्टचं) रन कॉल केल्याशिवाय हँडलर चालतच नाही, हे सगळेच विसरतात.

आणि एरर नाही म्हणजे पोचलं असं धरू नको, कुंद्याचा डबा निपाणीच्या गाडीत ठेवलास एवढंच, तिकडं कोणी उतरवून घेतला का ते यूडीपी सांगत नाही. मेसेजचा साइज १४७२ बाइटच्या आत ठेव, म्हणजे साध्या इथरनेटवर आयपीव्ही४ मध्ये त्याचे तुकडे होत नाहीत. स्ट्रँड (हँडलर एकामागून एक चालवणं), मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवणं) आत्ता नको, आधी लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, एक मेसेज पाठव, अडलास तर विचार की.