लेक परदेशात, भेट काही ठरेना

प्रश्न: ताई नमस्कार. आमचा घटस्फोट झालाय, मुलगी आठ वर्षांची, ती आईबरोबर दुसऱ्या देशात असते. ऑर्डरमध्ये 'वडिलांना वाजवी भेट मिळेल' एवढंच लिहिलंय. सुट्टी जवळ आली की मी विचारतो, तिची आई म्हणते शाळेचं कॅलेंडर येऊ दे, ते आलं की म्हणते कॅम्प आहे, तोवर तिकिटं कुठल्या कुठे गेलेली असतात. इकडे पाठव म्हटलं तर म्हणते परत पाठवशील याची गॅरंटी काय? रविवारचा व्हिडिओ कॉलही मार्चपासून तासाने चुकायला लागला, मुलगी रुसून बसली. एक ओळखीचे म्हणाले हेग करारातून मुलीला आणता येतं. खरंय का?

उत्तर: आणता येत नाही. १९८० चा हेग करार आहे तो मूल बेकायदा नेलं किंवा अडवून ठेवलं तर परत राहत्या देशात पोचवायला, तेही १६ वर्षांखालच्या मुलांसाठी. तुमची लेक आईकडे कायदेशीर राहतेय, मग तो विषयच नाही. पण त्याच करारात कलम २१ आहे, भेटीच्या हक्काचं, आणि ते तुमच्या कामाचं. सदस्य देशांत यासाठी एक सेंट्रल अथॉरिटी, म्हणजे हे काम बघणारं सरकारी कार्यालय असतं, तिथे अर्ज करायचा, ते आईशी बोलून मार्ग निघतो का बघतात, नाहीच जमलं तर तिथल्या कोर्टापर्यंत जायला मदत होते, निकाल मात्र कोर्टच देणार. हे सगळं करार तुमच्या दोन देशांमध्ये लागू असेल तरच. जपान २०१४ ला आला, भारत त्यात नाही, आणि नंतर आलेल्या बऱ्याच देशांना दुसऱ्या देशाने स्वीकारलेलं असावं लागतं, म्हणून आधी ते तपासा.

खरं सांगू का, तुमचं घोडं करारात नाही, त्या 'वाजवी'त अडलंय. वाजवी म्हणजे रोज नवीन भांडण! तुमच्या लेकीच्या देशातल्या फॅमिली लॉच्या वकिलाकडून ऑर्डर बदलून घ्या, आणि तपशील इतका की वाद घालायला जागाच उरू नये: कुठली सुट्टी, कुठल्या दिवसापासून, तारखा किती महिने आधी कळवायच्या, तिकिटाचे पैसे कोण देणार, पासपोर्ट कोणाकडे, कॅम्प आला तर कॅम्प हलणार की भेट.

आता आईची भीती. ती नाटक करतेय असं समजू नका, मुलं सुट्टीला म्हणून नेऊन परत न पाठवण्याच्या केसेस खरंच होतात. त्यावर उपाय मिरर ऑर्डर, म्हणजे तिकडच्या ऑर्डरसारखीच ऑर्डर तुमच्या देशातल्या कोर्टाकडूनही घ्यायची, मुलगी विमानात बसायच्या आधी, मग परतीची तारीख दोन्हीकडे बंधनकारक होते. ही गोष्ट तुम्ही स्वतःहून पुढे करा, तिने मागायची वाट बघू नका. पहिल्या एकदोन भेटी तुम्हीच तिकडे जाऊन केल्यात तर आणखी बरं, मुलीलाही जरा सवय होते.

मुलगी एकटी येणार असेल तर बऱ्याच एअरलाइन ५ वर्षांपुढच्या मुलांना स्टाफच्या देखरेखीखाली नेतात, लहान वयात सहसा थेट फ्लाइट लागते, आणि घ्यायला येणाऱ्याचं नाव फॉर्मवर आयडीवर आहे तसंच हवं, नाहीतर गेटवर पोरगी समोर दिसतेय आणि ताब्यात देत नाहीत! आईचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत मुलीच्या बॅगेत ठेवायला सांगा, इमिग्रेशनला विचारू शकतात.

कॉलचं तर सोपंय. बऱ्याच देशांत मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागे येतात, तुमच्याकडे तसं नसेल तर तुम्ही जुन्याच वेळेला फोन लावत बसता आणि ती पोर तिकडे तासभर आधीपासून स्क्रीनसमोर. ऑर्डरमध्ये वेळ लेकीच्या घड्याळाने लिहून घ्या, तिला हे कारण समजावूनही सांगा, आठ वर्षांची आहे, कळतं.

आणि भेट देत नाही म्हणून पोटगी अडवू नका, राग कितीही येवो. कोर्टं या दोन गोष्टी सहसा वेगळ्या धरतात, आणि उद्या अर्ज केलात की समोरचा वकील पहिलं पान तेच उघडणार.