आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) आधीचे संमतीचे फॉर्म खरंच वाचायचे असतात, की नुसती फॉर्मॅलिटी?

'घरचे म्हणतात, सही करून टाक,' असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरी हे म्हणणारी नणंद होती, म्हणून लिहायला बसले.

सांगलीतलं एक सेंटर. स्त्रीबीजं काढायच्या दिवशी सकाळी मी उपाशीपोटी, हाताला सलाईन, आणि सिस्टरने फॉर्मचा गठ्ठा पुढे केला. सगळं इंग्रजीत, सहीच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. म्हटलं, वाचते. "मॅडम, ऑपरेशन थिएटर खोळंबलंय." नणंद म्हणाली, "वैनी, डॉक्टर काय खोटं लिहितील का? आण इकडं, मीच करते सही." मिस्टर मोबाइलात.

तरी वाचलं. उरलेले गर्भ गोठवायला आमची संमती, तिथे आधीच टिक! त्याचे दरवर्षी वेगळे पैसे, हे तोवर कोणी बोललंच नव्हतं. डॉक्टरांना बोलवा म्हटलं. ते आले, मराठीत नीट समजावलं, मग मी सही केली. रागावलेबिगावले नाहीत. पण त्या वेळी गर्भ रुजला नाही, आणि नणंद आजही दर भाऊबीजेला म्हणते, "डॉक्टरांचं मन दुखावलं ना." डॉक्टरांच्या मनाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा काय संबंध, ते तिलाच ठाऊक.

२०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा, काढून बघा. यशाची शक्यता, धोके, खर्च सगळं सांगून लेखी संमती घ्यायची, गोठवायलाही दोघांची लेखी संमती. गर्भ पिशवीत सोडेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. आणि सही कोणी करायची? दिल्लीच्या एका बाईंना दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती, ती उतरायच्या आत आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बाई सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, आईची संमती चालणार नाही. सख्ख्या आईची चालली नाही, तिथे नणंदेची?

जीवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर थांबणार नाहीत, थांबूही नये. सगळी सेंटरं अशी नसतात हेही खरं. मिरजेत माझ्या मैत्रिणीला मराठी फॉर्म आधीच घरी वाचायला दिला होता. तुम्हीही आदल्या दिवशीच मागा. सही न करता उपचार मिळणार नाहीत, ते बरोबरच आहे.

नवऱ्यालाही वाचायला लावा, सही त्याचीही असते. आमचे म्हणतात, "तू वाचलंस ना? मग झालं."