मामांची हॉर्नेट चालत नाही? ब्रशलेस मोटर घ्यायच्या आधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांनी ऐंशीच्या दशकात दुबईहून आणलेली टॅमिया या जपानी कंपनीची हॉर्नेट, म्हणजे रिमोटवर चालणारी बॅटरीची छोटी गाडी, माळ्यावर सापडली. ७.२ व्होल्टची नवी बॅटरी लावली, तर स्टिअरिंग थरथरतं, स्टिक पूर्ण ढकलल्याशिवाय गाडी हलत नाही आणि हलली की मागून कटकट वाजतं. दुकानदार म्हणतो, ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर टाका. माझं मत सरळ आहे: टाकू नका. ही तीन लक्षणं तीन वेगळ्या जागची आहेत आणि त्यांतलं एकही मोटर गेल्याचं सांगत नाही. पूर्ण स्टिकला गाडी पळते, म्हणजे मोटर जिवंतच आहे.

सगळ्यात बोलकं लक्षण हेच आहे. १९८४ च्या या गाडीत आजच्यासारखा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर नाही. एक सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटर) तांब्याच्या पट्ट्यांवरून एक संपर्क सरकवतो. पूर्ण वेगाला बॅटरी थेट मोटरला जोडली जाते, पण मधल्या वेगांना प्रवाह एका रेझिस्टरमधून जातो आणि उरलेली ताकद उष्णता म्हणून जळते. तो रेझिस्टर तुटला किंवा त्याच्या वायरचं सोल्डर सुटलं, की मधले वेग गायब होतात आणि शेवटचा तेवढा उरतो. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. बॅटरी काढा, रेझिस्टरची वायर सोडवा आणि मल्टिमीटर लावा. त्याची किंमत एका ओहमहूनही कमी असते, त्यामुळे जवळपास शून्य दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. मीटरवर आकडाच आला नाही, म्हणजे वाट तुटलेली दिसली, तर चोर सापडला.

रेझिस्टर धड निघाला तर तांब्याच्या पट्ट्या बघा. त्या काळ्या पडलेल्या असतात. पॉलिश पेपर मारू नका, चरे पडतात आणि ठिणग्या वाढतात. शाळेतलं खोडरबर फिरवा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. सरकणारा संपर्क दाबून बसतो का तेही पाहा.

त्याच वेळी बॅटरीच्या वायरचं टोक अर्धा इंच सोला. आतलं तांबं काळं असेल तर ती वायर गेली. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी किंवा पेन्सिल सेल गळले की त्यातला अल्कली द्राव इन्सुलेशनच्या आतून चढत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. अशा वायरला सोल्डर धरतच नाही. लोक सोल्डरिंग आयर्नला शिव्या देत बसतात, वायर बदलत नाहीत. सेलच्या डब्यातली पांढरी-हिरवी भुकटी व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा (हातमोजे घालून), मग अल्कोहोलने. मामांची मूळ बॅटरी अजून असेल तर ती चार्ज करून बघायचा मोह आवरा. कॅडमियम विषारी आहे, ती ई-कचऱ्यातच द्या, घंटागाडीत नको.

आता थरथर. इथे अंदाज नकोत, वायर काढून बघायची. मोटरच्या दोन्ही वायर सोडवा आणि नुसतं स्टिअरिंग चालवा. थरथर थांबली तर दोष मोटरच्या ठिणग्यांमुळे होणाऱ्या गोंगाटाचा. मोटरवर ०.१ मायक्रोफॅरॅडचे तीन सिरॅमिक कॅपॅसिटर हवेत: एक दोन टोकांच्या मध्ये आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याच्या अंगाला एकेक. जुन्या मोटरवर यातला एखादा हमखास तुटलेला असतो. नाशिकच्या एम.जी. रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लर पैशात मिळतात. अंगाला सोल्डर धरण्याआधी तिथला पत्रा थोडा खरवडा.

मोटर काढूनही थरथर राहिली तर रिसीव्हरवर दोन्ही सर्व्होंच्या (स्टिअरिंगचा आणि वेगाचा) जागा अदलाबदल करा. थरथर सर्व्होबरोबर गेली तर सर्व्होतला पोटेन्शिओमीटर (तो किती वळलाय हे सांगणारा फिरता रेझिस्टर) मळलाय. ती जागीच राहिली तर रिसीव्हर, रिमोट किंवा त्यांचा वीजपुरवठा. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचात क्रिस्टलची (वारंवारता ठरवणाऱ्या छोट्या भागांची) जोडी असते, एक रिमोटला, एक रिसीव्हरला. दोघांची वारंवारता सारखी नसते, सहसा ४५५ किलोहर्ट्झचा फरक असतो. कुणीतरी साफ करताना त्यांची अदलाबदल केली की संपर्क बिघडतो. त्यांवरची अक्षरं वाचा. ॲन्टेनाची लांब वायर बॉडीत मावत नाही म्हणून कापली असेल तर पल्ला गेलाच.

एक इशारा. जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरला जोडण्याआधी तारांचा क्रम तपासा. त्या काळात प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा होता. प्लस-मायनस उलटे गेले तर धूर निघतो.

कटकटीसाठी मागचा भाग उचलून एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर डिफरेन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) काम करतंय. मग एक चाक घट्ट धरून दुसरं जोर लावून फिरवा. ठरावीक जागी अडकून सुटत असेल तर दात तुटलाय किंवा दातांत खडा बसलाय. गिअरबॉक्स उघडाच. इतक्या वर्षांत आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि त्यात धूळ मिसळली की तेच दात खातं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश, पेट्रोल-थिनर नाही. नवं ग्रीस बेताचं लावा.

उघडताना दोन गोष्टी. टॅमियाचे स्क्रू जपानी चरीचे आहेत, साध्या फिलिप्सने डोकी घसरतात. आणि परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यांत बारीक 'टक' करून बसतो, मग आवळा. प्लॅस्टिकमध्ये दरवेळी नवे आटे पाडले तर स्क्रू धरणं सोडतो.

प्लॅस्टिकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक गाडी कायमची घालवतात. हॉर्नेटची बॉडी पॉलिकार्बोनेटची, रंग आतून दिलेला असतो. तिला ॲसिटोन लागलं की पांढरट तडे जातात. चॅसिस एबीएस या कडक प्लॅस्टिकचा, तो ॲसिटोनमध्ये विरघळतो, आणि तेच त्याच्या कामी येतं: एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्या राबडीने आतून भेग भरता येते. नायलॉनचे भाग मात्र असे जोडले जात नाहीत. नायलॉन सुकला की ठिसूळ होतो. पाण्यात उकळला की पाणी शोषून थोडा लवचिक होतो. तडा गेलेला भाग मात्र बदलाच. टॅमियाने २००४ मध्ये हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली, तिचे बरेचसे सुटे भाग जुन्या गाडीला बसतात.

ब्रशलेसला माझा विरोध जुन्याच्या प्रेमातून नाही. हॉर्नेटची मागची अख्खी गिअरबॉक्स मोटरसकट वरखाली होते, दोन्ही मागची चाकं एकाच ठोकळ्याला जोडलेली. खडबडीत रस्त्यावर साध्या ५४० मोटरनेच (अशा गाड्यांत नेहमी असणाऱ्या मापाची ब्रशवाली मोटर) ती उड्या मारते, जास्त ताकद दिली तर ती गिअर आणि चॅसिस दोन्हींना सोसत नाही. मी तुमच्या जागी असतो तर ब्रश मोटरला चालणारा साधा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट-रिसीव्हर आणि निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घेतली असती. मूळ मेकॅनिकल कंट्रोलर पिशवीत जपून ठेवा, फेकू नका. नव्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमधूनच रिसीव्हरला वीज मिळते, तेव्हा पेन्सिल सेलचा वेगळा डबा काढून टाका. दोन्ही एकदम जोडू नका. मेकॅनिकल कंट्रोलरवर लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तर कधीच नको, तिला योग्य वेळी थांबवणारं काही नसतं आणि ती नको इतकी रिकामी होते.

मोटर एकटी तपासायची असेल तर पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) काढून दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर फिरवा. एकसारखी फिरली, गरम झाली नाही तर ठीक. ५४० जातीची नवी मोटर महाग नसते, पण गरज असल्याशिवाय कशाला?

शेवटचा खर्च बेअरिंगांवर करा. टॅमियाच्या त्या काळातल्या गाड्यांत बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिक-धातूचे बुश (साध्या नळकांड्या) असतात. ५ × ११ × ४ मिलीमीटर हे माप सर्रास लागतं, पण आधी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. नाशिककरांना यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. सातपूर-अंबडच्या वसाहतींमुळे इथे बेअरिंगची दुकानं आहेत, एमआर ११५ म्हणून मागा. रबरी सीलची घ्या, गंगापूर रोडपलीकडची काळी माती बारीक असते, पत्र्याच्या सीलमधून आत जाते. पावसाळ्यात तर ती चाकांना लिंपून बसते, पहिली फेरी उघडीप पाहून मुरमाड जागेवर घ्या.

रेझिस्टरचं रीडिंग, अदलाबदलीनंतर थरथर कुठे गेली, आणि दोन्ही क्रिस्टलवर काय लिहिलंय, एवढं इथे लिहा. गिअरबॉक्स उघडल्यावर दातांचा जवळून फोटो टाका, दिवसाच्या उजेडात.