न्यूट्रॉन ताऱ्याच्या, म्हणजे महाकाय तारा संपल्यावर उरलेल्या अतिदाट गाभ्याच्या पोटात आवाज जाऊ शकतो का? गेलाच तर किती वेगाने?

जातो, आणि अफाट वेगाने जातो. मी पुण्यात पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. हा प्रश्न वर्गात निघाला की मी त्या दिवसाचा धडा खुशाल बाजूला ठेवते.

ध्वनी म्हणजे दाबाची लाट. पदार्थ दाबायला जितका कठीण, तितकी ती जलद धावते. हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर. अणुकेंद्राइतक्या दाट पदार्थात हिशेब एकच: ऊर्जेची घनता जराशी वाढवली, तर दाब किती वाढतो? त्या गुणोत्तरावरून वेगाचा वर्ग निघतो.

आधी तापलेल्या पदार्थाचं बघू. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत शिशाची केंद्रकं एकमेकांवर आदळली की प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माचा, म्हणजे त्यांच्या आतले क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन सुटे झालेल्या पदार्थाचा, थेंब तयार होतो. सेकंदाच्या अब्जांशाच्या अब्जांशातही तो टिकत नाही, मग त्यातला आवाज मोजायचा कसा? तिथल्या सीएमएस या प्रयोगाच्या गटाची युक्ती मला फार आवडते. त्यांनी अगदी समोरासमोरच्या टकरी निवडल्या. तिथे थेंबाचा आकार जवळपास ठरलेला असतो. तरीही काही टकरींत कण जास्त निघतात, म्हणजे थेंब जास्त गरम होता. कणांची संख्या वाढताना त्यांचा सरासरी संवेग किती चढतो, त्या चढातच ध्वनीचा वेग दडलेला असतो. २०२४ मध्ये उत्तर आलं: अडीच लाख कोटी केल्विनला प्रकाशवेगाच्या जवळजवळ निम्मा.

तापमान १.८ लाख कोटींच्या आसपास उतरलं की वेग चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो. बर्फ वितळताना दिलेली उष्णता तापमान वाढवत नाही, काहीसं तसंच: ऊर्जा क्वार्क सुटे करण्यात खर्च होते, दाब फारसा वाढत नाही.

न्यूट्रॉन ताऱ्यात उलट. तिथे प्रश्न उष्णतेचा नाही, दाबला जाण्याचा आहे. प्लाझ्मा आणखी कितीही तापवत नेला, तर वेग प्रकाशाच्या ५८ टक्क्यांकडे सरकतो. पण दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे पल्सार, म्हणजे फिरताना ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारे न्यूट्रॉन तारे, सापडलेत, पहिला २०१० मध्ये. जेमतेम पंचवीस किलोमीटर व्यासात एवढं वजन पेलायचं, तर गाभ्यात वेग ५८ टक्क्यांच्या वर जात असणार, असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं. मलाही तेच पटतं.

तापलेलं आणि दाबलेलं असं दोन्ही एकदम हवं असेल, तर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर बघायला हवी. १७ ऑगस्ट २०१७ला अशा टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, पकडल्या गेल्या, पण तारे एकत्र आल्यानंतरची थरथर उपकरणांच्या आवाक्याबाहेर राहिली. आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ अशाच लहरी पकडणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे, आणि त्या कामात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे.