झाडानं संप्रेरक सोडलं की उत्प्रेरक?

काटोलकडच्या एका दादांचा प्रश्न आलाय. वखरताना संत्र्याच्या खोडाला पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, लागली, साल निघाली, आणि काही दिवसांनी तिथून डिंक आला. "तं झाडानं संप्रेरक सोडलं म्हनाव का उत्प्रेरक, का दोन्ही एकच हाय?"

एकच नाही हो! सांगून सांगून थकलो. मागे एका शेतकरी मेळाव्यात साहेब माइकवरून "एन्झाइम म्हणजेच संप्रेरकं" म्हणून मोकळे झाले आणि समोर बसलेल्या लोकांनी ते वहीत उतरवूनही घेतलं, आता ती वही पुढची दहा वर्षं घरात राहणार. संप्रेरक म्हणजे हार्मोन, त्याचं काम निरोप देणं. एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया भराभर उरकणारं प्रोटीन, म्हणून ते उत्प्रेरकाच्या, म्हणजे कॅटॅलिस्टच्या घरातलं. भरीताचं वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, ते एन्झाइम. पेशी फुटल्या, आत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलं एन्झाइम आणि फिनॉल एकत्र आले, हवेतला ऑक्सिजन मिळाला, झालं काळं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, मला तो शब्द पटत नाही, एक काना जास्त पडला की विकार होतो.

पण खरी गंमत संप्रेरकात आहे. सम् + प्र + ईर्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, "ईर गतौ कम्पने च", म्हणजे हलणं, हलवणं. प्रेरणा इथलीच, उत्प्रेरकही इथलाच, म्हणून तर लोकांचा घोळ होतो. आणि याच ईर् ला नुसता सम् लावला की काय होतं? समीर! वारा! संप्रेरक आणि समीर सख्खे भाऊ आहेत हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप नाही आली.

काही विद्वान प्रेरणा प्र + इष् पासून काढतात, प्रेषक-प्रेषित शेजारी दिसतात म्हणून. निरोपाचा अर्थ जुळतो हे खरं, पण इष् मधून र आणणार कुठून? प्रेषण तिथलं, प्रेरण इथलं, अर्थ आवडला म्हणून व्याकरण वाकवायचं नसतं. आणि दुसरे ते, "संप्रेरक बनावट शब्द आहे, सरळ हार्मोन म्हणा" म्हणणारे. अरे, हार्मोन काय आभाळातून पडला का? लंडनमध्ये 1905 साली स्टार्लिंग या शास्त्रज्ञानं ग्रीक हॉर्माओवरून तो बसवला, अर्थ काय तर चालना देणे, गती देणे. म्हणजे आपला ईर् च की! इतका नेमका प्रतिशब्द फार कमी इंग्रजी शब्दांना मिळालाय.

आता समीर काऊन आठवला ते सांगतो. पान कुरतडलं गेलं की पेशीच्या पडद्यातल्या लिनोलेनिक आम्लावर लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम काम सुरू करतं, आणखी काही एन्झाइमांच्या हातून जात जात शेवटी जास्मोनिक आम्ल तयार होतं, हे संप्रेरक. ते सांगतं की अळीच्या पोटातली प्रोटीन पचवणारी एन्झाइमं अडवतील असे पदार्थ बनवा. बघा, एन्झाइमांनी संप्रेरक घडवलं आणि त्या संप्रेरकानं दुसऱ्याची एन्झाइमं बंद पाडली, आणि आपण म्हणतो दोन्ही एकच! याचंच उडून जाणारं रूप म्हणजे मिथाइल जास्मोनेट, जाईच्या तेलात सापडलेलं, म्हणून नावात जास्मिन. 1990 मध्ये फार्मर आणि रायन या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत सेजब्रश या तिकडच्या रानटी झुडपाच्या फांद्या आणि टोमॅटोची रोपं एकाच बंद जागेत ठेवली, सेजब्रशमधून हा वास निघतो, आणि टोमॅटोच्या पानांना कुणी हात न लावता त्यांनी तेच पदार्थ बनवायला घेतले. निरोप हवेतून गेला. संप्रेरक, समीरावरून! शब्द घडवणाऱ्यानं हे ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही, पण धातूत गती होती आणि ती झाडात दिसली, मला एवढं पुरे आहे.

हां, डिंक. झाडाला आपल्यासारख्या ग्रंथी नसतात, म्हणून "सोडलं" पेक्षा "तयार झालं" बरं. संत्रावर्गात जखमेनंतर डिंक येण्यात इथिलीनचा हात असतो, तेही संप्रेरकच, आणि वायू. तेव्हा दादा, "जखमेमुळे झाडात संप्रेरकं तयार झाली आणि डिंक पाझरला" असं लिहा, उत्प्रेरक तिथे नको. मात्र पास लागली नाही अशा जागीही जमिनीलगत डिंक येत असेल तर तो डिंक्या रोग असू शकतो, तिथे शब्दाचं काम नाही, साल खरवडून बोर्डो मलम लावा.