चार दिवस झाले, काठीवरचं इपॉक्सी अजून चिकट

मागच्या अंकात गळाच्या काठीवर धाग्याने गाइड, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, कसे बांधायचे ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं बांधणीची नाहीतच, धाग्यावर चढवायच्या इपॉक्सीची आहेत, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवून कडक होणाऱ्या लेपाची. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, म्हणून काठ्यांची कामं आपण सगळेच या दोन महिन्यांत काढतो. इपॉक्सीला न मानवणारी दमट हवाही नेमकी तेव्हाच असते. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण तीच चूक आणखी सात-आठ जणांनी केली आहे.

ताई, नमस्कार. पहिल्यांदाच स्वतः काठी केली. आठ गाइड बांधले. इपॉक्सीसाठी एक मिलि रेझिन आणि एक मिलि हार्डनर घेतलं. पाऊस होता, लवकर पक्कं व्हावं म्हणून हार्डनरचे दोन थेंब जास्त टाकले. मुठीकडचे पाच गाइड कडक झाले, पण टोकाकडचे तीन मात्र चार दिवसांनंतरही बोटाला चिकटतात. बंदी उठली की नर्मदेवर बडवाहला जायचं आहे. काय करू? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

तुमचं पत्र वाचताना मी ‘दोन थेंब जास्त’पाशीच थांबले.

दह्याला विरजण जास्त लावलं तर दही लवकर लागतं. हार्डनर हे विरजण नाही. रेझिनचा प्रत्येक कण हार्डनरच्या कणाला धरतो आणि त्या धरण्यातूनच कडकपणा येतो. जोडीदार न मिळालेलं हार्डनर उडून जात नाही, आतच राहतं आणि थर मऊ ठेवतं. फायबरग्लासच्या कामात पॉलिएस्टर रेझिनला थेंब कमी-जास्त करून वेळ जुळवतात. ते पाहिलेल्या माणसाला इथेही तसंच चालेल असं वाटतं, पण दोन्ही रसायनं वेगळी आहेत. काठीचं इपॉक्सी समसमान म्हटलं असेल तर समसमानच.

आता हिशोब पाहा. वीस थेंबांचा साधारण एक मिलि होतो. म्हणजे तुमचे दोन थेंब एक मिलिवर दहा टक्के झाले. तीन मिलिवर तेच तीन टक्क्यांच्या आसपास आले असते आणि कदाचित निभावलं असतं. म्हणून माझा नियम असा: काम एका गाइडचं असलं तरी तीन मिलि रेझिन आणि तीन मिलि हार्डनरपेक्षा कमी कालवायचं नाही. उरलेलं वाया जातं, जाऊ द्या. मापाला दोन वेगळ्या सिरिंज ठेवा, त्यांवर रंगीत पट्टी चिकटवा आणि एका बाटलीची सिरिंज दुसऱ्या बाटलीत कधीही घालू नका.

पण तुमचे पाच गाइड कडक झाले आणि तीनच चिकट राहिले, हे नुसत्या मापाने होत नाही. माप चुकलं तर सगळेच मऊ राहतात. मला वाटतं, टोकाकडचे तीन तुम्ही शेवटी केलेत आणि तोवर वाटीच्या कडा खरवडून ब्रशवर घेत होतात. कडेला चिकटलेल्या थरापर्यंत काडी नीट पोचत नाही, तिथे रेझिन-हार्डनर अर्धवट कालवलेलं राहतं. मी एकतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या आणि हे तिथे हातात बसलं: दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळायचं, तळ आणि कडा खरवडत. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ वाटीत ओतून पुन्हा मिनिटभर ढवळायचं. पहिल्या वाटीच्या कडेला जे राहिलं ते राहू द्यायचं, त्याला ब्रश लावायचा नाही. वाटी औषधाच्या बाटलीवर येते तशी प्लास्टिकची मापाची घ्या. मेणाचा हात दिलेले कागदी कप नकोत, मेण सुटून मिश्रणात उतरतं.

ढवळून झालं की मी सगळं अॅल्युमिनियम फॉइलवर ओतून पसरते. वाटीत गोळा राहिलं तर ते आपल्याच उष्णतेने तापतं आणि दहा-पंधरा मिनिटांत तार धरू लागतं. फॉइलवर पातळ पसरलं की गार राहतं, हाताशी जास्त वेळ मिळतो, बुडबुडेही आपोआप वर येऊन फुटतात. शिवाय फॉइलवर उरलेला तो डाग टाकू नका. तो तुमचा साक्षीदार आहे. दुसऱ्या दिवशी त्यात नख दाबा. डाग कडक आणि काठी मऊ असेल तर कालवण्यात चूक झाली, डागही मऊ असेल तर मापात.

आता तुमचे तीन गाइड. आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पाहा. दमट, गार हवेत हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतं आणि वर मेणचट साय धरते. ती साबणपाण्याने जाते आणि खाली कडक थर लागतो. तसं निघालं तर स्पिरिटने पुसा, कोरडं करा, बस. पुसल्यावरही चिकट असेल पण नख आत शिरत नसेल, तर बरोबर मापाचा नवा पातळ हात वर द्या. बहुतेक वेळा तो खालच्याला दाबून धरतो. नख धाग्यापर्यंत बुडत असेल तर मात्र वर थर चढवून झाकू नका. हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा. इपॉक्सी रबरासारखं झालं की गाइडच्या धातूच्या पायावर, फक्त पायावरच, ब्लेडने धागा कापून सोलून काढा आणि नव्याने बांधा. ब्लँकवर, म्हणजे काठीच्या मूळ दांड्यावर, ब्लेड टेकलं तर कार्बनच्या तंतूंना चीर जाते, आणि मासा जोरात असताना काठी बरोबर तिथेच तुटते. माझी अशीच तुटली आहे, चोरलला, म्हणून एवढं सांगते.

पुढच्या वेळी पाऊस असेल तर खोली बंद करा आणि काठी आधी गरम होऊ द्या. मी कपाटाच्या खालच्या खणात शंभराचा बल्ब लावून ती तासभर ठेवते, मग बाहेर काढून काम करते. उलट केलं, म्हणजे गार काठीवर इपॉक्सी चढवून नंतर ऊब दिली, तर धाग्यातली हवा फुगून बुडबुड्यांनी वर येते. कूलर अजिबात नको, त्याचं कामच हवेत पाणी सोडणं आहे. पंखाही बंद, धुळीसाठी. पहिला हात धाग्यात जिरण्यापुरता पातळ, दुसरा चोवीस तासांनी. एकाच जाड हातात काम उरकलं की इपॉक्सी मध्यभागी सरकतं आणि वेढ्याला फुगीर पोट येतं. बडवाहची घाई मला कळते, पण शेवटच्या हातानंतर आठवडाभर काठी वाकवू नका. आणि महाशीर लागला तर त्याला पाण्यातच धरून सोडा. तो आपल्या राज्याचा मासा आहे, नर्मदेतही आता फार थोडा उरलाय.

काठी फिरवायला मोटर कोणती घ्यावी? हाताने फिरवून चालेल का? — एक वाचक, देवास

हाताने चालेल. पहिली पंधरा मिनिटं सतत, मग दोन-तीन तास दर पाच मिनिटांनी अर्धा वळसा. पण घरात माणसं असतात, फोन येतात, दूध उतू जातं. कूलरच्या पट्ट्या हलवणारी स्विंग मोटर घ्या. ती संथ फिरते, स्वस्त मिळते आणि पावसाळ्यात कूलर तसाही बंदच असतो. मिनिटाला चार-पाच फेरे पुरेत. ती थेट २२० व्होल्टवर चालते, तेव्हा तारांचे जोड नीट बंद करा.

महेश्वरच्या विणकरांकडून नारिंगी रेशीम आणलं. गुंडाळल्यावर इतकं सुंदर दिसत होतं, पण इपॉक्सी लागताच तपकिरी झालं. रंग परत आणता येईल का? — एक वाचक, वडोदरा

नाही, आणि मला तुमच्याइतकंच वाईट वाटलं. रेशमाच्या तंतूंमध्ये हवा असते तोवर ते उजेड परतवतं. रेझिन आत शिरलं की ते काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालच्या काळ्या ब्लँकचा रंग वर दिसतो. नायलॉनचंही असंच होतं, थोडं कमी. यावर कलर प्रिझर्व्हर मिळतो, दुधासारखा दिसणारा. तो दोन-तीनदा लावून पूर्ण वाळू द्यायचा, मग इपॉक्सी. मात्र तो धाग्याच्या वाटा बुजवतो, इपॉक्सी आत मुरत नाही आणि पकड कमी होते. म्हणून भार घेणाऱ्या गाइडवर मी तो लावत नाही, मुठीजवळच्या नक्षीला लावते. नवं रेशीम आणलं की आधी ब्लँकच्या तुकड्यावर दहा वेढे घ्या आणि स्पिरिटचा थेंब टाका. इपॉक्सीखाली जो रंग दिसणार आहे, जवळजवळ तोच स्पिरिट वाळेपर्यंत दिसतो. कधी तो गडद, मधासारखा रंग मूळच्यापेक्षा चांगला निघतो. बांबूच्या जुन्या काठ्यांवरचं रेशीम व्हार्निशखाली असंच दिसायचं.

रेझिनच्या बाटलीत पांढरे कण धरलेत, फेकून देऊ का? दुसरं, बुडबुडे फुंकून घालवले तर चालतील? — एक वाचक, ग्वाल्हेर

फेकू नका. थंडीत रेझिनमध्ये साखरेसारखे खडे धरतात, ग्वाल्हेरच्या जानेवारीत तर धरणारच. झाकण घट्ट लावून बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवा, मधूनमधून हलवा, रेझिन पाण्यासारखं नितळ होईतो. एखादा कण जरी राहिला तरी त्याभोवती पुन्हा खडे धरतात. मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि वापरा.

फुंकर नको. तोंडाच्या वाफेतलं पाणी थरावर बसतं. स्पिरिटचा दिवा घ्या. लॅबमध्ये मेण मऊ करायला वापरायचो तोच माझ्याकडे अजून आहे. वेढ्याखाली दोन बोटं अंतर ठेवून ज्योत झरकन फिरवायची, फिरत्या काठीखाली, एका जागी न थांबता. थर क्षणभर पातळ होतो, बुडबुडा वर येतो आणि फुटतो. गाइडच्या पायाजवळ धाग्याखाली जो बोगदा राहतो तिथला बुडबुडा ज्योतीने जात नाही. तिथे सुईच्या टोकाने इपॉक्सी आत सोडावं लागतं, पहिल्याच हाताला.

आणि तुम्ही हातमोज्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी नायट्राइलचे घाला. लॅबमधल्या रेझिनच्या द्रवाने माझ्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची चिरली. इपॉक्सीचंही तसंच, त्वचेने एकदा त्याच्याशी वैर धरलं की ते जन्मभर सुटत नाही.