आईचा हात ताटाएवढा

"मॅडम, ताप उतरून महिना झाला की ओ. तरी पोरगं भलतंच बोलायलंय. डोक्यावर परिणाम झाला का?"

जानेवारीतली दुपार होती. सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, भरलेला. मी समुपदेशक. यात्रेच्या दिवसांत माझ्याकडे सहसा कोणी फिरकत नाही, म्हणून मी जुन्या फायली चाळत बसले होते. ताई शहराच्या पूर्व भागातून, यंत्रमागांच्या वस्तीतून आल्या होत्या. घरी टॉवेलच्या कडा शिवायचं काम, नवरा यंत्रमागावर. सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि त्याची आज्जी. मुलाला आपण सोन्या म्हणू. पूर्ण वेळ तो आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होता. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दिवाळीनंतर त्याला ताप आला होता. आठ-नऊ दिवस हटेना. घसा सुजला, मानेत गाठी आल्या. टॉन्सिल समजून औषधं झाली, ताप गेला, सोन्या शाळेत जायला लागला. मग एका संध्याकाळी अभ्यासाला बसलेला असताना तो किंचाळला, "आई, तुझा हात केवढा झालाय!" आई शिलाई मशीनवर होती. तिने हात बघितला. हात होता तेवढाच होता. तिला वाटलं, अभ्यास टाळायला नाटक करतोय. दोन दिवसांनी म्हणाला, भिंत लांब गेली. मग पंखा खाली आला. मग आज्जी वाटीएवढी दिसली.

आज्जीने मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका बसला नाही, म्हणजे नजर लागलेलीच, हे तिने मला ठामपणे सांगितलं. शेजारणीचं म्हणणं, बाहेरचं आहे, गाणगापूरला न्या. चुलत भाऊ त्याला 'येडा' म्हणायला लागले. वर्गात बाईंनी उभं केलं, कारण लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, अक्षरं लांब गेली.

इथे माझी चूक सांगते, कारण ती करणारी मी एकटी नाही. पहिल्या दोन भेटी मी भलत्याच वाटेने गेले. मुलाला काही ताण आहे का, घरात भांडणं होतात का, बापाची रात्रपाळी, शाळेत मार, परीक्षा... आमच्या कामात हत्यार हातात असतं ते हेच, त्यामुळे सगळीकडे तेच चालवायची सवय लागते. ताईंनी बिचाऱ्यांनी सगळी उत्तरं दिली. घरात पैशाची ओढाताण होती, पण ती सोलापुरात कुठल्या घरात नाही? सोन्या मात्र गप्पच.

तिसऱ्या भेटीत मी प्रश्न थांबवले आणि कागद-खडू पुढे ठेवले. "काय दिसतं ते काढ. मला बघायचंय." त्याने घराची खोली काढली. कोपऱ्यात आगपेटीएवढं दार, दाराशी मुंगीएवढी आई. आणि कागदाच्या अर्ध्या भागात एक हात, पाच जाड बोटं. "हा कुणाचा?" "माझा." मग हळूच विचारलं, "मॅडम, मी येडा व्हायलोय का?"

मी विचारलं, "हात खरंच एवढा झालेला असतो का रे?"

"नाही. मला माहितीय तो छोटाच आहे. पण दिसतो मोठा."

हे वाक्य महत्त्वाचं. त्याला दिसत होतं वेगळं, पण त्यावर त्याचा विश्वास नव्हता. ज्याचा वास्तवाशी संबंध सुटत चाललेला असतो त्याच्या बोलण्यात हा 'पण' नसतो.

मग त्याने स्वतःहून आणखी एक गोष्ट सांगितली. शेजारच्या कारखान्यातले माग अशा वेळी "डबल पळतात". खटखट-खटखट इतकी जोरात की आज्जीचं बोलणंही पळत असल्यासारखं वाटतं. आई म्हणाली, मागांचा वेग कधी बदलत नाही. पूर्व भागात जन्म गेलेल्या बाईला तो आवाज झोपेतही ओळखता येतो. मला तेव्हा लख्ख कळलं की हे नुसतं नजरेचं नाही. काळाची जाणीवही बदलत होती.

याला नाव आहे. जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने 1955 मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं आणि एका गोष्टीतल्या, लहान-मोठी होणाऱ्या अ‍ॅलिस नावाच्या मुलीवरून त्याला 'अ‍ॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम' म्हटलं. वस्तू लहान, मोठ्या, जवळ किंवा दूर भासतात. स्वतःचं शरीर बदलल्यासारखं वाटतं. वेळ धावते किंवा रेंगाळते. मुलांमध्ये हे बऱ्याचदा संसर्गानंतर दिसतं. त्यात एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचं नाव पुढे असतं. लांबलेला ताप, सुजलेला घसा, मानेतल्या गाठी ही त्याचीच ओळखीची लक्षणं. दुसरं मोठं कारण अर्धशिशी. मुलाचं डोकं दुखत नसलं तरी घरात कुणाला तो त्रास असू शकतो. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "मला आहे की. लग्नाआधीपासून. उन्हाळ्यात तर अर्धं डोकं फुटतं." हे आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोन भेटी मीही नव्हतं विचारलं.

पण नाव ठरवणं माझं काम नाही. समुपदेशकाने इथे हात आखडता घ्यावा आणि मुलाला डॉक्टरकडे धाडावं. मी बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली, सोबत सोन्याचं चित्र जोडलं. तापात दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या न्यायला सांगितल्या, कारण खोकल्याच्या काही औषधांनीही असे भास होऊ शकतात. डोळे तपासले, नजर चांगली होती. रक्ततपासणीत त्या विषाणूचा अलीकडे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. मेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायला सांगितला. त्यासाठी मुलाला रात्री उशिरापर्यंत जागवून पहाटे उठवायचं होतं, म्हणजे तपासणीच्या वेळी झोप लागते. डोक्याला तारा लावणार म्हटल्यावर आज्जीने रडून गोंधळ घातला, "लेकराला शॉक देणार!" तिला समजावण्यात माझा एक तास गेला. ईईजीत वीज आत सोडत नाहीत, मेंदूत असलेलीच नोंदून घेतात. सोन्याची तक्रार एकच, केसाला चिकटवलेला तो पांढरा लगदा दोनदा धुवूनही जात नव्हता. आलेख नॉर्मल आला. एमआरआयची गरज डॉक्टरांना वाटली नाही.

"मग औषध काय?" ताईंचा पहिला प्रश्न. खास असं औषध नाही. संसर्गानंतरचं असेल तर बहुतेक मुलांत आपोआप कमी होत जातं. कुणाचं काही आठवड्यांत, कुणाचं काही महिन्यांत. अर्धशिशीचा त्रास वरचेवर होत असेल तर डॉक्टर त्यावर उपचार करतात. औषध नाही म्हटल्यावर ताईंचा चेहरा पडला. गोळी हातात पडल्याशिवाय आजार खरा वाटत नाही, हे मी रोज बघते.

सोन्याला मात्र कारण हवं होतं. म्हणून मी त्याला सिद्धेश्वरच्या तळ्यावर बोलावलं. खोलीत बसून जे समजत नाही ते तिथे समजतं. काठावर उभं करून म्हटलं, एक डोळा मीट, अंगठा पुढे धर. मंदिर अंगठ्याआड गेलं. "मंदिर छोटं झालं?" "नाही हो, लांब आहे." "मग हे तुला कोणी सांगितलं?" तो विचारात पडला. डोळ्याच्या पडद्यावर पडणारं चित्र लहानच असतं. ते किती लांब आहे याचा हिशोब मेंदू करतो आणि मग म्हणतो, मंदिर मोठं आहे. हा हिशोब आपल्या नकळत दिवसभर चालू असतो. आजारपणानंतर तुझ्या मेंदूतला हिशोबनीस कधीकधी थोडा वेळ चुकतो, इतकंच. सोन्याने पुन्हा पुन्हा अंगठा धरून बघितलं. मग आईला काठावर लांब उभी राहायला लावली आणि तिलाही अंगठ्याआड घातलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

घरी आम्ही दोनच गोष्टी केल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक वेळची नोंद: किती वाजता, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं. सोन्याला वाटायचं, तासभर चालतं. आईने घड्याळ लावलं तर सात मिनिटं, कधी दहा. एकदाच पाऊण तास भरला. बहुतेक वेळा संध्याकाळी किंवा झोपायच्या आधी. उपाशी असला, रात्रीचं जागरण झालं, की जास्त. त्यामुळे शाळेतून आल्याबरोबर शेंगाचटणी-भाकरी ठरलेली, आणि मोबाइल बघत उशिरापर्यंत जागणं बंद.

दुसरी गोष्ट, अशा वेळी कोणी काय करायचं. "असं काही नाहीये, नीट बघ" म्हणायचं नाही. हलवायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही. शेजारी बसायचं, हात धरायचा, साध्या आवाजात बोलायचं. तो वाटलं तर डोळे मिटेल. जिन्यावर किंवा सायकलवर असेल तर तिथेच थांबायचं. सोन्या मुठीत एक रुपयाचं नाणं घट्ट धरायचा. दिसायला काहीही दिसो, मुठीत नाणं नाण्याएवढंच लागतं म्हणे. ही युक्ती त्याची, माझी नाही, आणि दुसऱ्या मुलाला लागू पडेलच असं नाही. त्याच्या बाईंना मी शाळेत जाऊन भेटले. त्या दुखावल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "मला काय माहीत ओ, मला वाटलं बहाणा करायलाय." त्यांना दोष कसा देणार?

तुमच्या घरी असं होत असेल तर तपासणी टाळू नका, हे मात्र थोडं दटावूनच सांगते. मूल हाक मारूनही ओ देत नसेल, टक लावून बसत असेल, ओठ चावल्यासारखे हलवत असेल, हातपाय झटके देत असतील आणि नंतर त्याला काही आठवत नसेल तर ते फिट्सचं असू शकतं. सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडत असेल तर दिवस घालवू नका. तापासोबत मान ताठ झाली, मूल गुंगीत गेलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. भास दिवसभर राहत असतील, कोणी आज्ञा देणारे आवाज ऐकू येत असतील, आणि मुलाला ते खरेच वाटत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ हवेतच. नजर उतरवायची तर उतरवा, माझी काही हरकत नाही. आज्जीच्या जिवाला बरं वाटतं. पण मुलाला उपाशी ठेवणारा, मारणारा, धुरी देणारा कोणी असेल तर त्याच्या दारात नेऊ नका.

फेब्रुवारीत कॅलेंडरवर आठवड्याला चार-पाच खुणा होत्या. मार्चमध्ये दोन. एप्रिलच्या उन्हात एका आठवड्यात पुन्हा तीन झाल्या आणि ताई घाबरून आल्या. पाणी पाच दिवसांनी आलं होतं, त्या रात्री सगळं घर भांडी भरत जागं होतं, सोन्याही. झोपेचं गणित बसवलं तशा खुणा पुन्हा उतरल्या. जून कोरा गेला.

श्रावणात त्याला साधा सर्दी-ताप आला. सकाळी सकाळी ताईंचा फोन. "मॅडम, रात्री परत झालं की ओ." मी काही बोलणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "पण मला उठवलंच नाही त्याने. त्याच्या पप्पांना म्हणाला, भिंत लांब गेलीय, थांबा जरा, येईल परत. हे घड्याळ घेऊन बसले. सहा मिनिटं लागली."

"मग?"

"मग भूक लागली म्हणाला. रात्री दीड वाजता भाकरी खाल्ली त्याने."